आंघोळ न घातलेला पॅक

परत आलेल्या पॅकला आधी आंघोळ, मग बाकीचं. प्रयोगशाळेत हा नियम इतका मुरलेला होता की तो कुणी घातला हे विचारायचंही कुणाला सुचत नसे. बॅटरीचा पॅक डोंगरावरून येवो की गोदामातून, तो यंत्राला लावायचा, काठोकाठ भरायचा, पार रिकामा करायचा आणि पुन्हा काठोकाठ भरायचा. कागदोपत्री या प्रकाराला भारदस्त नाव होतं, पण तोंडात बसली होती ती आंघोळ. न्हाऊनमाखून निघालेला पॅक मग खऱ्या चाचणीला बसे. दोन पॅकची तुलना करायची तर दोघांना एकाच रेषेवर उभं करायला हवं, हे धाकटीला कॉलेजपासून पटलेलं होतं. त्यामुळे आंघोळीवर तिचा जीव होता म्हटलं तरी चालेल.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. प्रयोगशाळेतही वयाने तीच सगळ्यांत लहान निघाली, आणि हे नाव तिच्यामागे कामावरही आलं.

पॅक होता सैनिकांच्या पाठीवरच्या वायरलेस सेटचा. जुना पॅक विटेसारखा जड. हा नवा त्याच्या निम्म्याने हलका, आणि त्याच्या कुशीला एक छोटा पडदा होता. पडद्यावर पाच पट्ट्या. पाच दिसल्या तर भरलेला, एक उरली तर आवरतं घ्या. उंचावरच्या एका तुकडीला काही पॅक वापरून बघायला दिले होते आणि तिथून बरंच कौतुक आलं होतं. पण कौतुकाच्या पाठोपाठ एक खोकंही आलं. आत काही पॅक आणि प्रत्येकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर थोड्याफार फरकाने एकच तक्रार: तीन पट्ट्या दिसत होत्या आणि सेट बंद पडला.

शेजारच्या टेबलावरच्या लंबूने ते सगळे तपासले. लंबू कामाला वाघ होता आणि जिभेला हाड नसलेला. त्याने निकाल धाकटीपुढे सरकवले.

"एकालाही काही झालेलं नाही. सगळे ठणठणीत. पट्ट्या बरोबर, क्षमता बरोबर."

"मग बंद कसे पडले?"

"सेट चालू ठेवून पोरं झोपली असतील. वर थंडीत दुसरं करायचं काय?"

"सगळीच?"

"झोप संसर्गजन्य असते. आपल्या मीटिंगमध्ये बघत नाहीस का."

धाकटी हसली, पण तिचं समाधान झालं नाही. महिनाअखेरीला सैन्याची कमिटी येणार होती. कमिटीने होकार दिला की पहिला लॉट थेट सीमेवरच्या ज्या तुकडीला जाणार होता, त्या तुकडीचा वायरलेसवाला तिचा सख्खा भाऊ होता.

दादाचा उजवा खांदा गेल्या दोन मोसमांपासून कुरकुरत होता. सेट, त्याच्या जोडीला जुने पॅक, आणि वर चढ. तुकडीच्या डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं होतं की एवढं ओझं आणखी एक मोसम वाहिलं तर खांदा कायमचा जाईल, आणि मग सेटवरून काढून गोदामात बसवण्यावाचून इलाज राहणार नाही. दादा घरी हे हसत सांगायचा. "ब्लँकेटं मोजेन, दुसरं काय." पण सेटवर बसून दूरच्या कुणाचा तरी आवाज खरखरीतून वेचून काढणं हे एकच काम त्याला मनापासून आवडतं, हे धाकटीला माहीत होतं. हलका पॅक वेळेत पोचला तर दादा सेटवर राहणार होता. नाही पोचला तर नाही. हिशोब इतका सरळ होता.

आणि याच महिन्यात दादा सुट्टीवर घरी होता.

तो आला की घरातले सगळे प्लग त्याच्या ताब्यात जात. कुणाचा फोन टेबलावर मोकळा दिसला की दादाने तो चार्जिंगला लावलाच. त्यात पुन्हा गंमत अशी की तो पूर्णही होऊ देत नसे. जरा भरला की उपटायचा आणि दुसरा लावायचा. आईचा फोन, धाकटीचा लॅपटॉप, टॉर्च, इतकंच काय, बाबांची दाढीची मशीन. बाबा बदलीच्या गावी राहत होते आणि मशीन कपाटात पडून होती, तरी तिची पाळी चुकत नसे.

"अरे, पूर्ण तरी होऊ दे की," आई म्हणाली. सकाळचा चहा चालला होता. "सारखा मेला अर्धवट फोन हातात देतोस."

"पूर्ण कशाला? लाईनीत पुढचा उभा आहे ना."

"कोण उभा आहे? मी बसलेय, ही बसलीय आणि तू चहा पितोयस."

"सवय गं, आई."

"मुली बघायच्या म्हटलं की याला ऐकू येत नाही. बॅटरीने मात्र टुंग केलं की तीन खोल्यांपलीकडून धावत येतो."

धाकटी पेपर वाचत होती. तिने मान वर केली. "दादा, कसली लाईन?"

"पॅनलची. वर आमच्याकडे उन्हावर चालणारं पॅनल एकच. आणि ऊन येतं डोंगराच्या मर्जीने. सगळ्यांचे पॅक त्याच्यापुढे रांगेत. थोडा भरला की काढायचा, पुढच्याचा लावायचा. पूर्ण भरत बसलो तर मागचा मला उभा सोलेल."

"म्हणजे पॅक कधीच पूर्ण भरत नाही?"

"खालून येतो तेव्हा असतो भरलेला. त्यानंतर कुठला?"

"आणि पूर्ण रिकामा?"

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने दात घासता का असं विचारलं होतं. "रिकामा कोण होऊ देईल, बटण? अर्ध्यावर आला की लाईनीत. रिकामा पॅक म्हणजे दगड. दगड वाहायला मी काय गवंडी आहे?"

बटण हे त्याने लहानपणी ठेवलेलं नाव. दिसेल ते बटण दाबायची म्हणून. धाकटीने कप खाली ठेवला आणि बराच वेळ तो परत उचललाच नाही.

गोष्ट अशी होती. पॅकच्या आत किती वीज उरली आहे हे पडद्याला दिसत नाही. या नव्या सेलचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, भरलेला असताना जवळपास जेवढा, तेवढाच अर्धा असताना. शेवटी शेवटी मात्र एकदम कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. दाब बघून काही कळत नाही, म्हणून पडद्याच्या मागे बसलेली चिप मोजणी करते. सभागृहाच्या दारावर उभा केलेला दरवान समजा. किती आत गेले, किती बाहेर आले, एवढंच तो मोजतो आणि आत किती असतील ते सांगतो. सभागृह खचाखच भरलं की त्याला ते दिसतं, आणि तो आपला आकडा सुधारून घेतो. सभागृह ओस पडलं की तेही दिसतं, मग तो पुन्हा शून्यापासून सुरू करतो. मधल्या काळात मात्र सगळी भिस्त त्याच्या मोजणीवर. आणि सेट जेव्हा नुसता ऐकत बसलेला असतो, कुणी बोलत नसतं, तेव्हा तो पॅकमधून इतकी बारीक बारीक वीज पितो की दरवानाच्या बगलेतून माणसं निसटावीत. बाहेर पडलेली माणसं त्याच्या हिशोबात आतच बसलेली असतात.

आणि वर डोंगरावर सभागृह ना कधी भरत होतं, ना कधी ओस पडत होतं.

एवढ्यावर ती थांबली असती तरी पुरे होतं. पण मग तिला आंघोळ आठवली. काठोकाठ भरायचं, पार रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. डोंगरावर जे दोन क्षण कधीच येत नाहीत, नेमके तेच दोन क्षण त्यांनी परत आलेल्या प्रत्येक पॅकला चाचणीच्या आधीच देऊन टाकले होते. पेशंट दारात आला की आधी त्याला बरं करायचं, मग तपासायचं, आणि वर सांगायचं की याला काहीही झालेलं नव्हतं.

"काय गं, तब्येत बरी आहे ना?" आईने विचारलं.

"आई, आम्ही मूर्ख आहोत."

"ते मला माहीत आहे. चहा गार होतोय."

प्रयोगशाळेत पोचताच धाकटी लंबूच्या टेबलाशी गेली. "त्या खोक्यातले पॅक कुठे आहेत?"

"कपाटात. चकाचक."

"एकसुद्धा राहिला नाही? आंघोळीवाचून?"

"एकसुद्धा नाही. मी काय अर्धवट काम करणारा वाटलो?" लंबू दुखावल्यासारखा म्हणाला. तिने सगळं सांगितल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे मी इतक्या निष्ठेने पुरावा धुतला."

"आपण सगळ्यांनी धुतला."

"धुतला मी. तू नुसती कौतुकाने बघत होतीस."

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम कमी बोलत आणि पूर्ण ऐकून घेत. त्यांनी धाकटीचं ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "पटतंय. पण पटणं आणि दिसणं वेगळं. कमिटीपुढे मी तुझा अंदाज घेऊन नाही बसणार. करून दाखव."

"सगळी यंत्रं कमिटीच्या चाचण्यांत अडकलीत, मॅडम. आणि यंत्रावर हे दिसणारही नाही. यंत्र फार शिस्तीचं आहे."

"मग?"

"एक पॅक घरी नेऊ? माझा भाऊ आलाय. तो वर जसा वापरतो तसा वापरून दाखवेल."

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "पॅकमध्ये गुपित काही नाही, सेल बाजारात मिळतात तसलेच आहेत. ने. पण घरातले पडदे पेटले तर मला फोन करायचा नाही, आधी पाणी... नाही, पाणी नाही. वाळू. वाळूची बादली ठेव."

अशा रीतीने घराच्या गॅलरीत वाळूची बादली, एक लहानसं सौर पॅनल, नवा पॅक आणि लंबूने जोडून दिलेला खोटा सेट अशी मांडामांड झाली. खोटा सेट म्हणजे पत्र्याचा डबा. तो बोलत नसे, ऐकत नसे, पण खऱ्या सेटसारखी वीज पीत असे: बराच वेळ घोट घोट, मध्येच एक मोठा घोट. आईने तो डबा पहिल्याच दिवशी पाहिला आणि म्हणाली, "याच्यासाठी मी माझी झाडं उन्हातून हलवायची?"

"देशासाठी, आई," दादा म्हणाला.

"देशाला सांग, कुंडीला पाणी घाल म्हणावं."

दादाने काम मन लावून केलं. जरा जास्तच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाकटी संध्याकाळी घरी आली तर पडद्यावर पाच पट्ट्या लखलखत होत्या.

"हे काय?"

"ऊन छान होतं आज. लावून ठेवला दुपारभर. मस्त भरला बघ."

"दादा, पूर्ण भरलास? आंघोळ घातलीस तू त्याला."

"मी कशाला आंघोळ घालू?"

तिने पुन्हा समजावलं. एकदा काठोकाठ भरला की दरवानाचा आकडा सुधारतो आणि आत्तापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. दादाने ऐकून घेतलं, मान हलवली, पण त्याची नजर पट्ट्यांवरून हटत नव्हती. धाकटीला एकदम जाणवलं की पॅक नापास व्हावा यासाठी ती ज्याला राबवते आहे, त्याच्याइतकी तो पास होण्याची गरज या घरात दुसऱ्या कुणालाच नाही. त्याने लबाडी केली नव्हती. त्याला नुसतं भरलेलं बघून बरं वाटलं होतं.

"वर असा पूर्ण भरला असता?" तिने विचारलं.

"वर मागे लाईन असते गं. इथे कोण आहे मागे?"

"मग लाईन लावू."

लाईन लावण्याचं काम आईने अंगावर घेतलं, आणि ते तिने एखाद्या खानदानी सुभेदाराच्या तोऱ्यात केलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांचा रेडिओ, समोरच्या बाईंच्या मुलांची खेळणी, जिन्यातला कंदील, कुणाकुणाचे फोन. सगळ्या इमारतीला कळलं की अमुक गॅलरीत फुकट वीज मिळते. दुपारी दादा पॅनलशी बसलेला असायचा आणि पुढचा माणूस दारात उभा.

"झाला का हो आमचा नंबर?" आजोबा विचारत.

"पाच मिनिटं, आजोबा."

"मघाशीही पाचच होती. सैन्यात घड्याळं वेगळी असतात काय?"

मग दादा पॅक उपटायचा आणि रेडिओ लावायचा. असे दिवस गेले. पॅक कधी भरला नाही, कधी संपला नाही. पट्ट्या दोनवरून चारवर, चारवरून तीनवर अशा शहाण्यासारख्या हलत राहिल्या. धाकटी रोज बघायची आणि तिला धाकधूक व्हायची. आपलंच चुकलं असेल तर बरं, असंही तिला वाटून जायचं, आणि तसं वाटल्याचा पुन्हा राग यायचा.

एका सुट्टीच्या सकाळी ती दोघं गॅलरीतच होती. पडद्यावर तीन पट्ट्या होत्या. डब्यावरचा छोटा दिवा मोठ्या घोटाच्या वेळी उजळायचा. तो उजळायला गेला आणि मध्येच विझला. पडदाही गेला. आवाज काहीच झाला नाही. दादाने पॅक हातात घेतला, कुशीवर दोनदा टिचकी मारली, जसं वर सगळेच मारत असणार.

"तीन होत्या," तो म्हणाला.

"तीन होत्या."

तो पॅक तसाच हातात धरून बसला. "जुना असं नाही करत. जुना मरायला टेकला की आवाज बसतो. समोरचा विहिरीतून बोलल्यासारखा वाटायला लागतो, मग कळतं की आता आवरायचं. हा शेवटपर्यंत खणखणीत." थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या तुकडीतली पोरं बोलता बोलता मध्येच गेली असतील. पलीकडच्याला वाटलं असेल, काहीतरी झालं."

आतून आईने विचारलं, "गेला का डबा? मग झाडं ठेवू का पुन्हा?"

सोमवारी मॅडमनी धाकटीला आणि लंबूला दार लावून समोर बसवलं. इलाज धाकटीने आधीच काढून ठेवला होता. पडद्यावर दोन तऱ्हेच्या पट्ट्या दाखवायच्या. खात्रीची वीज तेवढी भरीव. शेवटचं पूर्ण भरल्याला किंवा रिकामं केल्याला जितका काळ लोटेल, तितक्या वरच्या पट्ट्या पोकळ होत जातील. पोकळ म्हणजे असेल, नसेल. दरवानाने आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करायचं, बस.

"चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हे नवं झालं. नवं म्हणजे पुन्हा वर नेऊन, पुन्हा थंडीत बघायचं. हा मोसम गेला."

"दुसरा रस्ता आहे," लंबू म्हणाला. आज तो थट्टा करत नव्हता. "आहे तोच पॅक पास करून घ्यायचा. पोकळ पट्टीचं पुढच्या लॉटला बघू. तोवर प्रत्येक पॅकसोबत सूचना द्यायची, आठवड्यातून एकदा पार रिकामा करा. तेवढं केलं की आकडा आपोआप सुधारतो. खोटं काही नाही यात. बऱ्याच उपकरणांसोबत अशी सूचना असते."

मॅडमनी धाकटीकडे पाहिलं. "हे नियमात बसतं. दोन्ही गोष्टी मी कमिटीपुढे ठेवू शकते. दोष सांगितला आणि सूचना पुरेशी आहे असं आपण लिहून दिलं, तर ते पास करतील. पुरेशी आहे का? हे तू सांगायचं. घरी तुझ्याकडे विचारायला माणूस आहे."

मॅडमना दादाच्या खांद्याचं ठाऊक होतं. त्यांनी ते मुद्दाम विचारलं नाही आणि मुद्दाम टाळलंही नाही.

त्या संध्याकाळी दादा गॅलरीत कुंड्या जागेवर लावत होता. डाव्या हाताने. धाकटी उंबऱ्यावर बसली आणि तिने दोन्ही रस्ते जसेच्या तसे त्याच्यापुढे ठेवले. कुठल्या रस्त्याने पॅक या मोसमात येतो आणि कुठल्याने येत नाही, हेही तिने लपवलं नाही.

दादा कुंडी हातात घेऊन उभा राहिला. "सूचना म्हणजे, आठवड्यातून एकदा पॅक मुद्दाम सांडून टाकायचा."

"हो."

"आणि मग लाईनीत लावायचा."

"हो. करतील का वर?"

"ऑर्डर आली की करावंच लागतं." तो म्हणाला. "करतील."

धाकटीला तिथेच उठता आलं असतं. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, तेही अशा माणसाकडून की ज्याच्या शब्दावर मॅडमनी लगेच सही केली असती. दादाने कुंडी ठेवली, माती झटकली, आणि तिच्याकडे न बघता दुसरी उचलली.

"तू करशील?" तिने विचारलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं; ती घुरघुरायची आणि बंद पडायची.

"तू ना, लहानपणापासून नको ते बटण दाबतेस," दादा म्हणाला.

"सांग ना."

"नाही करणार." त्याने कुंडी ठेवली. "दिवसभर उन्हाची वाट बघून जी वीज गोळा केली, ती मुद्दाम ओतून देऊ? त्याच रात्री काही झालं तर? कुणीही नाही करणार. वहीत लिहितील, केलं म्हणून. मीही लिहीन."

"मग?"

"मग काय मग. तुला कळलं ना. आता मला परत विचारू नकोस."

तो आत गेला. जेवताना तो आईशी भरपूर बोलला, धाकटीशी अजिबात नाही. आईने दोनदा दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भात वाढला.

कमिटी आली तेव्हा मॅडमनी धाकटीला पुढे केलं. कमिटीतले सर्वांत मोठे अधिकारी वयस्क होते, केस पांढरे, आवाज हळू. त्यांनी तो घरच्या गॅलरीतला पॅक उलटापालटा करून पाहिला. इमारतीच्या लाईनीचं ऐकताना बाकीचे हसले, ते हसले नाहीत.

"सूचना दिली तर?" त्यांनी विचारलं.

"पाळली जाणार नाही, सर."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"जो वापरणार आहे त्याला विचारलं."

"आणि तो स्पष्ट नाही म्हणाला?" ते पहिल्यांदा किंचित हसले. "माझ्या काळात मीही पाळली नसती. पण विचारलं असतं तर हो म्हणालो असतो." त्यांनी पॅक टेबलावर ठेवला. निकाल तासाभरात आला: पोकळ पट्ट्यांसह पुन्हा हिवाळी चाचणी. तोपर्यंत सर्व तुकड्यांना जुनेच पॅक. लंबूने जाता जाता भिंतीवरच्या नियमावलीतल्या आंघोळीच्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलं, तक्रारीचा पॅक आल्यास आधी जसा आहे तसा तपासावा. नंतर मॅडमनी ते छापून घेतलं.

दादाच्या जाण्याच्या दिवशी आई दारापर्यंत आली, धाकटी बसथांब्यापर्यंत. त्या संध्याकाळनंतर दोघांत कामापुरतं बोलणं होत होतं, म्हणजे मीठ दे, दार लाव, एवढंच. थांब्यावर दादाने पिशवी बाकावर ठेवली.

"आईला निकालाचं सांगू नकोस. तिला वाटतंय हलके पॅक आलेत."

"बरं."

"हिवाळी चाचणी कुठल्या तुकडीत?"

"ठरलेलं नाही. मॅडमनी मला नाव सुचवायला सांगितलंय."

"आमचं सुचव."

धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. "चाचणीवाल्यांना जुने पॅकही सोबत ठेवावे लागतात, दादा. नवे दगा देतील म्हणून. म्हणजे जुने अधिक नवे."

"म्हणजे आत्तापेक्षा जास्त."

"जास्त."

तो खरोखरच हसला, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदाच मोकळेपणाने. "तू आणि तुझं शास्त्र. माझं ओझं हलकं करायला निघाली होतीस ना?"

"म्हणून तर म्हणतेय, दुसऱ्या कुणाला देते."

"दुसरे लिहून पाठवतील, सगळं छान आहे. सिनियरला वाईट वाटू नये म्हणून. आणि तू इकडे सगळं छान म्हणून पास करशील." त्याने रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. "आणि ती पोकळ पट्टी बघून माणूस नेमकं काय करतो, ते तुला इथे बसून कळणार नाही. मलाही नाही माहीत. कदाचित पोकळ दिसली की आम्ही सगळेच एक पॅक जास्त उचलू."

हे तिच्या मनात आलं नव्हतं. ती त्यावर विचार करू लागली आणि दादाने तिच्या चेहऱ्यावरून ते ओळखलं.

"बघ. बसली मोजायला."

"डॉक्टर काय म्हणतील?"

"ते त्यांचं काम करतील, मी माझं करतो, तू तुझं कर. नाव सुचवशील की नाही?"

बस वळणावर दिसली. धाकटीला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. दादाच्या तोंडून जितकं खरं कळेल तितकं दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि ते कळण्यासाठी कुणाचा खांदा लागणार आहे, तेही ठाऊक होतं. मॅडमना उद्या उत्तर द्यायचं होतं.

दादाने सवयीने पिशवी उजव्या खांद्यावर टाकली. बसचं दार उघडेपर्यंत पिशवी तिथेच राहिली. मग त्याने ती काढून डाव्यावर घेतली. धाकटीने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं, आणि तो पायरी चढून आत गेला.